शाळामास्तर ओहम

महू येथील आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटाच्या वरच्या खणात, एक ॲमीटर ठेवलेला आहे. त्याची सुई टोकाशी वाकलेली असून ती आता जागची हलत नाही. हा पराक्रम आमच्या चौघांच्या गटाचा आहे. प्रात्यक्षिकाच्या तासाला इतरांच्या आधी प्रयोग पुरा करावा अशा घाईने आम्ही त्या ॲमीटरची दोन टोके थेट घटमालेच्या दोन टोकांना जोडली. सुई ताडकन उजव्या खुंटीवर आदळली, किंचित जळका वास आला आणि सारे संपले. उपकरण बिघडल्याचे दुःख होतेच. परंतु त्याहून मोठी लाज अशी वाटली की, ॲमीटर एकसर जोडावा आणि व्होल्टमीटर समांतर जोडावा हे वाक्य आम्हा चौघांनाही तोंडपाठ होते. नियम पाठ होता. त्यामागचे कारण ठाऊक नव्हते.

आमच्या गुरुजींनी आम्हांस शिक्षा केली नाही. ज्या माणसाच्या नावाने आपण रोध मोजतो त्या माणसाचे चरित्र वाचून काढा, एवढेच त्यांनी सांगितले. आम्ही ते वाचले, आणि वाचता वाचता आमच्या ध्यानात आले की, विद्युत्प्रवाह मोजताना घडणारी चूक ही काही केवळ आमच्यासारख्या विद्यार्थ्यांची मिरास नव्हे. ज्याने हे शास्त्र घडविले तो स्वतःही एकदा चुकला होता. मात्र तो चुकला, थांबला, आपली चूक कोठे दडली आहे हे शोधीत बसला, आणि त्या शोधातूनच त्यास अमर कीर्ती देणारा नियम सापडला. त्या पुरुषाची, जॉर्ज सायमन ओहम यांची, जीवनकथा आम्ही येथे सादर करीत आहोत.

दक्षिण जर्मनीतील एर्लांगेन या गावी 16 मार्च 1789 रोजी ओहम यांचा जन्म झाला. जर्मन लोक त्यांचे नाव गेऑर्ग सिमोन असे उच्चारतात. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत ते जॉर्ज सायमन असे रूढ झाले आहे. वडील योहान वोल्फगांग हे कुलुपे बनविणारे कारागीर, तर आई मारिया एलिझाबेथ ही एका शिंप्याची कन्या. या दांपत्यास सात अपत्ये झाली. परंतु त्या काळी बालमृत्यूचे प्रमाण मोठे असल्यामुळे त्यांपैकी तिघेच मोठे झाले. जॉर्ज, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईचेही छत्र हरपले.

वडिलांचे शाळेतील शिक्षण यथातथाच झाले होते. तरीही या कुलुपकाराने, दिवसभर कानस आणि हातोडी चालवून झाल्यावर, स्वतःच्या बळावर गणिताचा व तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि आपल्या दोन्ही मुलांस गणित, पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र घरीच शिकविले. जॉर्ज अकराव्या वर्षी गावातील शाळेत जाऊ लागला. पण तेथील शिक्षण पाठांतरावर भर देणारे व शास्त्रांची ओळख क्वचितच करून देणारे होते. त्यामुळे त्याची खरी शाळा घरीच भरत असे. या दोन भावांची बुद्धी एर्लांगेन विद्यापीठातील प्राध्यापक लांग्सडोर्फ यांनी पारखली आणि गणितज्ञांच्या सुप्रसिद्ध बेर्नुली घराण्याशी त्यांची तुलना केली. पुढे मार्टिनही नामवंत गणितज्ञ झाला.

आम्हा महूकरांस ही गोष्ट विशेष जवळची वाटावी. आपल्याच गावच्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, आणि येथेच 14 एप्रिल 1891 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्या पित्यानेही मुलांच्या अभ्यासासाठी रात्रीचा दिवस केला. देश निराळा, काळ निराळा, अडचणी तर फारच निराळ्या. परंतु घरातील दिव्याखाली मुलास घेऊन बसणारा बाप ही संपत्ती दोन्ही घरी सारखीच होती.

1805 मध्ये जॉर्ज एर्लांगेन विद्यापीठात दाखल झाला. येथे मात्र त्याचे पाऊल जरा वाकडे पडले. नृत्य, बर्फावरची घसरणी आणि बिलियर्डचा खेळ यांत त्याचा वेळ जाऊ लागला. पोटास चिमटा घेऊन मुलास शिकविणाऱ्या बापास हे कसे रुचावे? तीन सत्रे होतात न होतात तोच वडिलांनी त्याचे विद्यापीठ बंद केले आणि 1806 मध्ये त्यास स्वित्झर्लंडमध्ये एका शाळेत गणित शिकविण्याच्या नोकरीवर पाठविले. वय अवघे सतरा. ज्या वयात आपण शिकतो त्या वयात तो शिकवू लागला.

ही शिक्षा त्यास वरदान ठरली. लांग्सडोर्फ यांच्या सल्ल्यावरून त्याने ऑयलर, लाप्लास व लाक्र्वा यांचे गणितावरील ग्रंथ एकट्याने अभ्यासिले. 1811 मध्ये तो एर्लांगेनला परतला व त्याच वर्षी त्याने डॉक्टरेटची पदवी मिळविली. विद्यापीठात काही काळ त्याने अध्यापनही केले. परंतु त्या जागेवरील अल्प प्राप्तीत पोट भरेना. अखेरीस 1813 मध्ये बांबेर्ग येथील एका सामान्य शाळेत त्यास शिक्षकाची नोकरी पत्करावी लागली. तेथे मन रमत नव्हते, तरी त्याने वेळ फुकट दवडला नाही. भूमितीचे एक पाठ्यपुस्तक त्याने लिहून काढले. 1817 मध्ये प्रसिद्ध झालेले ते पुस्तक प्रशियाच्या राजाकडे पाठविण्यात आले, आणि त्याचे फळ म्हणून त्याच वर्षी कोलोन येथील जुन्या व प्रतिष्ठित शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकविण्याची जागा ओहम यांना मिळाली.

कोलोनच्या शाळेत दोन गोष्टी लाभल्या. एक म्हणजे चांगले विद्यार्थी. पुढे जगद्विख्यात गणितज्ञ झालेला डिरिश्ले हा कोलोनमध्ये त्यांचा विद्यार्थी होता. दुसरी गोष्ट म्हणजे सुसज्ज प्रयोगशाळा. अशातच 1820 साली डेन्मार्कमधील ओर्स्टेड यांनी दाखवून दिले की, विद्युत्प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई धरली तर ती वळते. तोवर विजेचा जोर अजमावण्यास खात्रीचे साधन नव्हते. इंग्लंडमधील कॅव्हेंडिश या विक्षिप्त शास्त्रज्ञाने तर 1781 च्या सुमारास निरनिराळ्या द्रावणांतून विजेचा धक्का स्वतःच्या शरीरास घेऊन आणि कोणता धक्का अधिक जोरकस वाटला हे ठरवून प्रयोग केले होते. त्यास नियमाची चाहूलही लागली होती; परंतु त्याने ते प्रसिद्ध केले नाही. मॅक्सवेल यांनी ती टिपणे उजेडात आणली तेव्हा 1879 साल उजाडले होते. असो. ओर्स्टेड यांच्या शोधामुळे मनुष्याच्या अंगास बसणाऱ्या धक्क्याऐवजी सुईचे वळणे मोजता येऊ लागले. मोजमापाचे युग येथून सुरू झाले.

ओहम यांनी स्वतःपुढे एक साधा प्रश्न ठेवला. तारेची लांबी वाढविली तर तीमधून वाहणाऱ्या प्रवाहाचा जोर किती कमी होतो? शाळेचे तास संपले की ते प्रयोगशाळेत शिरत. बापाच्या कारखान्यात लहानपणी हातास लागलेले वळण आता कामास आले. आपली उपकरणे ते स्वतःच बनवीत. विद्युतघटाची दोन टोके निरनिराळ्या लांबीच्या तारांनी जोडून त्यांनी सुईवरील परिणाम टिपला आणि 1825 साली आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी एक सूत्र मांडले होते.

ते सूत्र चुकीचे होते.

चूक कोठे झाली होती ते नीट समजून घेण्याजोगे आहे. त्या काळचे विद्युतघट म्हणजे आम्लात बुडविलेले दोन धातूंचे पत्रे. तार जोडताच प्रथम प्रवाह जोराने उसळे आणि मग तो ओसरू लागे. एक तार काढून दुसरी लावेपर्यंत घटाची स्थितीच पालटलेली असे. म्हणजे ओहम ज्यास तारेचा गुण समजत होते त्यात घटाच्या लहरीपणाचाही वाटा मिसळला होता. दर खेपेस माप हलत असलेल्या फूटपट्टीने कापड मोजावे, तसाच हा प्रकार झाला.

दुसरा एखादा मनुष्य प्रसिद्ध झालेल्या आपल्या सूत्रास चिकटून बसला असता. ओहम तसे नव्हते. त्यांनी आपल्या मापांवरच शंका घेतली. एका प्रमुख शास्त्रीय नियतकालिकाचे संपादक पोगेनडोर्फ यांनी त्यांस सुचविले की, घटाऐवजी झेबेक यांनी नुकत्याच शोधलेल्या साधनाचा उपयोग करून पाहावा. दोन निरनिराळ्या धातूंचे तुकडे दोन्ही टोकांशी एकमेकांस जोडावेत, एक सांधा तापवावा आणि दुसरा थंड ठेवावा, म्हणजे त्यांतून विद्युत्प्रवाह वाहू लागतो. हा प्रवाह क्षीण असतो खरा, परंतु दोन सांध्यांच्या तापमानांत पडलेले अंतर जोवर कायम आहे तोवर विद्युत्दाबही कायम राहतो.

1826 च्या जानेवारी महिन्यात ओहम यांनी तो प्रयोग मांडला. बिस्मथ व तांबे यांच्या जोडीचा एक सांधा त्यांनी उकळत्या पाण्याने तापविला व दुसरा वितळत्या बर्फात ठेवला. उकळते पाणी आणि वितळता बर्फ यांची तापमाने आपोआप स्थिर राहतात. म्हणून विद्युत्दाबही स्थिर राहिला. सोन्याच्या चपट्या बारीक तारेने टांगलेली चुंबकसुई त्यांनी प्रवाहाच्या वर लोंबती ठेवली. प्रवाह सुरू होताच सुई वळे. मग वरची खुंटी पिळून ते सुईस पूर्वीच्या जागी आणीत आणि त्यासाठी किती पीळ द्यावा लागला तो मोजीत. जितका पीळ अधिक तितका प्रवाह अधिक. सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा त्यांनी घेतल्या. त्यांची लांबी 2, 4, 6, 10, 18, 34, 66 आणि 130 इंच होती.

पहिल्या मालिकेत 2 इंचांच्या तारेस 326¾ इतके माप आले, तर 130 इंचांच्या तारेस 48½. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी विचारपूर्वक पाहावी. लांबी पासष्ट पटींनी वाढली, पण प्रवाह पासष्ट पटींनी घटला नाही. तो सातव्या हिश्श्याइतकाच उरला. असे का व्हावे? ओहम यांनी उत्तर शोधले ते असे. तारेच्या लांबीत 20¼ ही एक ठरावीक संख्या मिळवावी आणि त्या बेरजेने 7285 या संख्येस भागावे, म्हणजे मापे जुळतात. 34 इंचांच्या तारेसाठी हा हिशेब करून पाहा. बेरीज 54¼, भागाकार सुमारे 134.3. प्रत्यक्ष माप होते 134½. तापमानांतील अंतर कमी करून पाहिले तेव्हा 7285 ही संख्या बदलली, परंतु 20¼ मात्र जशीच्या तशी राहिली.

ही 20¼ संख्या म्हणजे काय? ती होती मंडलाच्या उरलेल्या भागाची, म्हणजे खुद्द धातूंच्या जोडीची व जोडणीच्या तुकड्यांची अडवणूक. ती जणू 20¼ इंच तारेइतकी होती. आणि वरची संख्या म्हणजे प्रवाहास ढकलणारा दाब. आजच्या भाषेत सांगावयाचे तर, दाबास मंडलातील एकूण रोधाने भागले की प्रवाह मिळतो. एकूण हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मंडलात जे जे काही प्रवाहाच्या वाटेवर आहे ते सारे हिशेबात धरले पाहिजे. घट, तारा, दिवा, आणि मापनासाठी आपण घातलेले उपकरणही. मोजणारा मोजल्या जाणाऱ्या वस्तूपासून अलिप्त राहत नाही.

हे एकदा मनात ठसले की आमचा ॲमीटर का जळाला हे समजावयास वेळ लागत नाही. ॲमीटर प्रवाह मोजतो. म्हणून सारा प्रवाह त्याच्यातून गेला पाहिजे, यास्तव तो वाटेतच, म्हणजे एकसर, बसवावयाचा. परंतु वाटेत बसून त्याने वाटच अडविली तर मोजावयाचा प्रवाहच बदलेल. म्हणून त्याचा रोध मुद्दाम अगदी अल्प ठेवलेला असतो. 1.5 व्होल्टचा घट, त्याचा अंतर्गत रोध 0.5 ओहम, ॲमीटरचा रोध 0.1 ओहम आणि मंडलात 10 ओहमचे वेटोळे असे धरा. एकूण रोध 10.6 ओहम झाला. प्रवाह सुमारे 0.14 अँपिअर. आता वेटोळे वगळून ॲमीटर थेट घटास जोडा. एकूण रोध उरला केवळ 0.6 ओहम, आणि प्रवाह झाला 2.5 अँपिअर. अर्ध्या अँपिअरपर्यंत मोजणाऱ्या उपकरणातून त्याच्या पाचपट प्रवाह धावला, तर त्याची सुई वाकणार नाही तर काय होईल?

व्होल्टमीटरचे याच्या उलट. तो दोन बिंदूंमधील दाबाचे अंतर मोजतो. म्हणून त्याची दोन टोके त्या दोन बिंदूंस, म्हणजे समांतर, जोडावयाची. त्याने स्वतःसाठी फारसा प्रवाह ओढून घेता कामा नये, म्हणून त्याचा रोध मोठा असतो. हाच व्होल्टमीटर कोणी चुकून एकसर जोडला, आणि त्याचा रोध 3000 ओहम असला, तर वरच्या मंडलात प्रवाह अर्ध्या मिलिअँपिअरवर येऊन ठेपतो. वेटोळ्याच्या जागी दिवा असेल तर तो लागत नाही, आणि सुई मात्र जवळजवळ संपूर्ण 1.5 व्होल्ट दाखविते. यात उपकरण बहुधा जळत नाही. पण जळलेल्या उपकरणापेक्षा खोटे बोलणारे उपकरण विद्यार्थ्यास अधिक फसविते.

योग्य जोडणी केली तरी सावध राहावे लागते. 1000 ओहमचे दोन रोधक एकसर जोडून त्यांस 6 व्होल्टचा दाब दिला, तर प्रत्येकाच्या वाट्यास 3 व्होल्ट येतात. त्यांपैकी एकास 1000 ओहम रोधाचा हलका व्होल्टमीटर जोडून पाहा. तो व रोधक मिळून 500 ओहमचे होतात, आणि सुई 3 ऐवजी 2 व्होल्ट दाखविते. म्हणून मापकाचा रोध ज्या रोधकास तो जोडावयाचा त्याच्या कितीतरी पट हवा. याखेरीज धन टोक धन टोकाकडे ठेवावे, मोठ्या मर्यादेपासून आरंभ करावा, आणि सर्व जोडणी गुरुजींस दाखविल्यावरच कळ दाबावी. घरातील विजेच्या मुख्य प्रवाहाशी तर विद्यार्थ्यांनी असले प्रयोग मुळीच करू नयेत. तेथे सुईच नव्हे, प्राणही जावयाचा.

आता पुन्हा ओहम यांच्याकडे वळू. आपल्या प्रयोगांस गणिती पाया द्यावा या हेतूने त्यांनी शाळेतून अर्ध्या पगारावर एक वर्षाची रजा घेतली आणि ते बर्लिनला भाऊ मार्टिन याच्याकडे जाऊन राहिले. उष्णता धातूतून कशी वाहते याविषयी फूरिए यांनी जे गणित मांडले होते त्याचा आदर्श समोर ठेवून त्यांनी 1827 मध्ये विद्युत्मंडलाचे गणित सांगणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. या ग्रंथाच्या बळावर विद्यापीठात जागा मिळेल आणि आयुष्यभर संशोधन करता येईल, अशी त्यांची आशा होती.

ही आशा धुळीस मिळाली. त्या काळच्या जर्मनीत अनेक विद्वानांस निसर्गाचे ज्ञान चिंतनाने व्हावे असे वाटे. गणिताची सूत्रे पदार्थविज्ञानात आणणे त्यांना रुचत नसे. बर्लिनमधील एका टीकाकाराने तर हा ग्रंथ म्हणजे निव्वळ कल्पनेचा खेळ आहे अशा आशयाची झोड उठविली. विद्यापीठाची जागा मिळाली नाही. मानी स्वभावाच्या ओहम यांनी 1828 मध्ये कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये तुटपुंज्या कमाईवर काढली. तेथील लष्करी विद्यालयात आठवड्यास काही तास गणित शिकवून ते दिवस ढकलीत होते. वयाची चाळिशी आली होती, हाती कायमची नोकरी नव्हती, आणि जो शोध आपण लावला तो खरा आहे हे ज्यांस पटावे असे लोक भोवती फार थोडे होते. त्यांनी लग्नही केले नाही.

या काळात ओहम यांनी काय केले असते तर आपण त्यांस दोष दिला नसता? त्यांनी शास्त्रच सोडून दिले असते तर दिला नसता. परंतु त्यांनी ते सोडले नाही. 1833 मध्ये न्यूरेंबर्ग येथील तंत्रविद्यालयात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली आणि त्यांची घडी थोडीफार बसली. दरम्यान त्यांचा नियम स्वतःच्या पायांनी चालू लागला होता. लाइपझिगच्या फेख्नर यांनी पुष्कळ प्रयोग करून तो पडताळून पाहिला. रशियात लेंझ यांनी तो उपयोगात आणला. जो जो कोणी हातात तार, घट आणि सुई घेऊन मोजू लागला त्यास ओहम यांचेच सूत्र सापडू लागले. टीकाकाराचे शब्द हवेत विरले; मापे राहिली.

1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना आपले कोपली पदक दिले. स्वदेशाने ज्याची उपेक्षा केली त्याचा गौरव परदेशाने केला, आणि मग स्वदेशाचेही डोळे उघडले. 1843 साली इंग्लंडमधील व्हीट्स्टन यांनी ओहम यांच्या नियमावर उभारलेल्या मापनपद्धती विस्ताराने मांडल्या. रोध मोजण्याचा जो सेतू आज आपण व्हीट्स्टन यांच्या नावाने ओळखतो तो त्यांतलाच. 1849 मध्ये ओहम म्यूनिकला आले, तेथील विज्ञान अकादमीच्या उपकरणसंग्रहाची व्यवस्था त्यांच्याकडे आली आणि 1852 मध्ये ते म्यूनिक विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. तरुणपणी उराशी बाळगलेली इच्छा वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पुरी झाली. ते सुख त्यांस दोनच वर्षे लाभले. 6 जुलै 1854 रोजी म्यूनिक येथे त्यांचे निधन झाले.

त्याच 1854 साली आपल्या देशात आग्रा व मुंबई ही शहरे विद्युत् तारेने जोडली गेली. ती तार माळव्यातून, इंदूरवरून जात होती. शेकडो मैलांच्या तारेतून संदेश धाडावयाचा तर किती घट लागतील आणि तार कोठे तुटली वा जमिनीस टेकली हे दूर बसून कसे ओळखावे, हे प्रश्न तारायंत्राच्या लोकांपुढे रोज उभे राहत. त्यांची उत्तरे ओहम यांच्या नियमातूनच निघत. आज आपल्या गावात लष्कराचे दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे संदेशवहनाचे शिक्षण घेणाऱ्या जवानास व अधिकाऱ्यास या नियमावाचून गत्यंतर नाही. बर्लिनच्या लष्करी विद्यालयात गणित शिकविणाऱ्या त्या उपेक्षित शिक्षकाचे नाव आमच्या छावणीच्या गावात असे रोज घेतले जाते.

1881 मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेने व्होल्ट व अँपिअर यांच्या जोडीने ओहम हे रोधाचे एकक म्हणून मान्य केले. व्होल्टा हे इटालियन, अँपिअर हे फ्रेंच आणि ओहम हे जर्मन. या तीन देशांनी आपसांत युद्धे केली, पण त्यांचे तीन सुपुत्र एका लहानशा समीकरणात कायमचे एकत्र नांदत आहेत. आपल्या घरातील विजेच्या मीटरमध्येही हीच जोडणी आढळते. फिरत्या चकतीच्या जुन्या मीटरमध्ये जाड तारेचे एक वेटोळे प्रवाहाच्या वाटेत एकसर असते आणि बारीक तारेचे दुसरे वेटोळे दाबाशी समांतर असते. दोहोंच्या मिळून होणाऱ्या परिणामाने चकती फिरते.

ओहम यांच्या चरित्रापासून आम्ही काय शिकलो? कष्टाळू पित्याचे ऋण, एकट्याने केलेला अभ्यास, उपेक्षेतही न ढळणारी निष्ठा, या गोष्टी तर आहेतच. परंतु आम्हांस सर्वांत अधिक मोलाची वाटते ती 1825 व 1826 या दोन वर्षांमधील गोष्ट. पहिल्या वर्षी त्यांनी चुकीचे सूत्र छापले आणि दुसऱ्या वर्षी ते स्वतःच दुरुस्त केले. आपले उपकरणच आपल्यास फसवीत असेल, अशी शंका घेण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. हे धैर्य ज्याच्यापाशी आहे त्याच्या हातून चूक झाली तरी ती वाया जात नाही.

आमच्या गटाने आता एक नेम केला आहे. कळ दाबण्यापूर्वी मंडलाची आकृती वहीत काढावयाची, प्रत्येक उपकरणाचा रोध तीत लिहावयाचा, प्रवाह किती येईल याचा अंदाज आधी कागदावर करावयाचा, आणि मगच तारा जोडावयाच्या. अंदाज आणि माप जुळले तर आनंद होतो. न जुळले तर चूक कोठे आहे ते शोधण्यात अधिक आनंद होतो. वाकलेल्या सुईचा तो ॲमीटर मात्र गुरुजींनी टाकून दिलेला नाही. नव्या वर्षी प्रयोगशाळेत प्रथम पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्यांस ते तो दाखवितात आणि त्याची हकीकत सांगावयास आम्हांसच पुढे बोलावितात. आता ती सांगताना आम्हांस लाज वाटत नाही.